शाळेचा अध्यक्ष बिनविरोध कुणी ठरवला?

शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची वही कुणी वाचत नाही. मी वाचतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर गेलो आणि शाळा उघडी दिसली की मुख्याध्यापकांकडे मी ती मागतो. समितीच्या निवडीचं पान काढलं की ओळखीचा मजकूर समोर येतो. अध्यक्षपदासाठी श्री. अमुक यांचे नाव सुचवण्यात आले, श्री. तमुक यांनी अनुमोदन दिले, दुसरे नाव न आल्याने निवड बिनविरोध झाल्याचे जाहीर करण्यात आले, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सह्या. किती पालक हजर होते, कुणाकुणाला विचारलं, मत कसं घेतलं, यातलं काहीही नाही. दोन वर्षांनंतरच्या निवडीचं पान काढावं तर तोच मजकूर, तारीख तेवढी बदललेली. कधी कधी नावही तेच.

मी याला निवडणूक मानत नाही. पालकांचा हक्क त्यांच्या हातून काढून घ्यायचा आणि त्या कागदावर त्यांच्याच सह्या घ्यायच्या, असा हा व्यवहार आहे. तो राजरोस चालतो. केंद्रप्रमुखांना माहीत आहे, पंचायत समितीला माहीत आहे, गावच्या जाणत्यांना माहीत आहे, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं, आणि चीड येते.

हे पद काय आहे ते आधी नीट समजून घेऊ, कारण आमच्याकडे अध्यक्ष म्हणजे 15 ऑगस्टला झेंड्याशेजारी उभा राहणारा माणूस, एवढीच समजूत आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 21 नं ही समिती बंधनकारक केली. महाराष्ट्रात समितीवर 12 ते 16 सदस्य घ्यायचे असतात. त्यातले तीन चतुर्थांश पालक, आणि तेही पालक सभेनं निवडलेले. निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. उरलेल्यांत स्थानिक संस्थेचा लोकप्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि पालकांनी निवडलेला शिक्षणाचा जाणकार. मुख्याध्यापक सदस्य सचिव. अध्यक्ष मात्र पालक सदस्यांतूनच. सरपंच असो, पक्षाचा तालुकाप्रमुख असो की देवस्थानचा विश्वस्त, त्याचं पोर त्या शाळेत शिकत नसेल तर तो अध्यक्ष होऊ शकत नाही. मुदत दोन वर्षं, बैठक दर महिन्याला.

आणि कामं? शिक्षक वेळेवर येतात का, अनुदान कशावर खर्च होतं, पोषण आहारात काय शिजतं, वाडीतलं कुठलं मूल शाळेबाहेर राहिलं, हे सगळं या समितीनं पाहायचं. शिवाय कलम 22 प्रमाणे शाळेचा विकास आराखडा करायचा. पुढच्या तीन वर्षांत पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोली, पाणी, संडास, भिंत यांपैकी काय हवं, हे त्यात लिहायचं. सरकारच्या अनुदानाचा आधार हा आराखडा असेल, असं कायदा म्हणतो. चिखलात उभी राहून भात लावणाऱ्या बाईनं शाळेची गरज सांगायची आणि सरकारनं त्यावरून पैसा द्यायचा, अशी ही रचना आहे.

इतका अधिकार सामान्य पालकाला आपल्याकडे पूर्वी कधी मिळालेला नव्हता. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या. स्कूल बोर्डाचे सभासद लोकल बोर्ड निवडायचं, आणि लोकल बोर्डाला मत द्यायचा अधिकार मिळकत असलेल्यांना होता. 1947 च्या कायद्यानं जिल्हा स्कूल बोर्डांची नव्यानं बांधणी झाली. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण समितीच्या ताब्यात गेल्या. शहरांत नगरपालिकांची शिक्षण मंडळं उरली. तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय लावायची जागा म्हणून ती इतकी बदनाम झाली की 2013 मध्ये सरकारनंच ती बरखास्त करायचा कायदा केला. एवढ्या काळात शाळेवर हुकूम चालवणारा सभासद कुठं ठरला? अलिबागेत, महाडात, पुढाऱ्याच्या माडीवर. वाडीतल्या आईनं त्याचं तोंडही पाहिलं नसेल. 2010 नंतर पहिल्यांदा ती सत्ता शाळेच्या खोलीतल्या चटईपर्यंत आली, आणि आम्ही ती चटईवरून उचलून पुन्हा माडीवर नेऊन ठेवली.

रायगड जिल्हा परिषदेची मुदत 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक होता. शिक्षण सभापती नाही, सभागृहात प्रश्न विचारणारा सदस्य नाही. त्या काळात खास शाळेसाठी लोकांनी निवडलेली एकच व्यवस्था उभी होती, ती ही वाडीतली समिती. तिचा अध्यक्ष खऱ्या अर्थानं निवडून आलेला असता तर त्याच्या शब्दाला वजन आलं असतं. पण ज्याला कुणी निवडलेलंच नाही, त्याचा शब्द तालुक्याला कोण मोजणार?

एका वाडीत पाहिलेलं सांगतो. नाव लिहीत नाही, कारण त्या बाईला त्याच वाडीत राहायचं आहे. चौथीपर्यंतची शाळा. सभा अकराची. पुरुष खुर्च्यांवर, बायका दारालगत चटईवर. हजेरीचा कागद आधी फिरला. सही आधी, सभा मग. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षपदासाठी एक नाव आलेलं आहे. कुणाची हरकत नाही ना?" नाव कुठून आलं, कुणी दिलं, हे कुणी विचारलं नाही. दाराकडून एक बाई म्हणाली, "गुरुजी, माझं पण नाव लिवा." खोली गप्प झाली. खुर्चीवरचे एक वयस्कर गृहस्थ आवाज न चढवता बोलले, "वयनी, गावकीत ठरलंय ते. आता मध्येच काही काढू नको." ती म्हणाली, "गावकीत मी कुठं होते, आबा?" कुणी उत्तर दिलं नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या वेळेला बघू हां, ताई," म्हणाले आणि चहा आला.

इतिवृत्तात लिहिलं गेलं, दुसरे नाव आले नाही. दुसरं नाव आलं होतं. मी तिथं बसलो होतो.

त्या बाईचं पोर दुसरीत होतं. अध्यक्ष झालेल्या गृहस्थांचंही पोर शाळेत होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस वाईट नव्हता. पण त्याला त्या खोलीनं निवडलं नव्हतं. ज्यांनी निवडलं ते त्या खोलीत नव्हते, आणि त्यातल्या बहुतेकांचं एकही पोर त्या शाळेत नव्हतं.

कोकणातल्या वाडीचा कारभार गावकी आणि तिचं मुंबईतलं मंडळ चालवतं. देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, नळपाणी, स्मशानातली शेड, सगळं तिथं ठरतं. मी या मंडळांचा अनादर करणार नाही. गिरण्यांत आणि गोदीत राबलेल्या माणसांनी पगारातून वर्गणी काढून वाड्यांवर शाळेच्या खोल्या उभ्या केल्या आहेत आणि त्याचं ऋण मी मानतो. पण मंडळाच्या सभेत बसलेल्या चाकरमान्याचं पोर विरारला शिकतं, दिव्याला शिकतं. वाडीच्या शाळेचं छप्पर गळलं तर त्याच्या पोराच्या डोक्यावर पाणी पडत नाही. खोली बांधून दिली म्हणून शाळेचा अध्यक्ष ठरवायचा हक्क त्याला मिळत नाही. शिवाय गावकीत बाईला जागा नाही. निम्म्या जागा बायकांच्या असलेल्या समितीचा अध्यक्ष जिथं एकही बाई बसत नाही तिथं ठरवायचा, हा उघड कायदेभंग आहे. तो रूढीच्या नावाखाली होतो म्हणून कमी गंभीर ठरत नाही.

गावकी जिथं सैल आहे तिथं पक्ष घुसले आहेत. ग्रामपंचायतीला पडलेल्याला शाळेत बसवायचं, पुढच्या वेळी उभं राहणाऱ्याची तयारी शाळेपासून सुरू करायची. गावात दोन गट असतील तर अध्यक्ष एकाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा. पोरांचा विचार या वाटणीत कुठंच नसतो.

बिनविरोध झालं की गावाची एकी दिसते, असं सांगतात. या एकीखाली काय दडलेलं असू शकतं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या, कारण सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं समोर आलं. लिलाव झाल्यावर निवडणूक बिनविरोधच होते, विरोधाला जागाच उरत नाही. शाळेच्या अध्यक्षपदाचा लिलाव झाला असं मी म्हणत नाही. मात्र बिनविरोध म्हणजे एकमत, हे मी मानायला तयार नाही. एकमत व्हायचं असेल तर आधी मतं विचारावी लागतात.

आता हिरकणीवाडीबद्दल. महाडपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला लागून ही वाडी. 1996 पासून चालणाऱ्या रोपवेचं खालचं ठाणं इथंच आहे. हिरकणीवाडीच्या शाळेवर मी कसलाही आरोप करत नाही. वाडीचं नाव घेतो ते त्या नावामागच्या बाईसाठी. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, आणि ती कडा उतरून खाली आली. ही कथा महाराष्ट्रात प्रत्येक पोराला माहीत आहे. गडावर तिच्या नावाचा बुरूज आहे. एसटीची निमआराम गाडी तिच्या नावानं धावते, स्थानकातल्या स्तनदा मातांच्या खोलीला तिचं नाव आहे. आईच्या जिद्दीचा एवढा गौरव करणाऱ्या या मुलखात आई शाळेच्या सभेत दोन वाक्यं बोलली तर घड्याळ पाहिलं जातं. हा ढोंगीपणा आहे आणि तो मला सहन होत नाही.

गडाच्या आसपासच्या वाड्यांतल्या बाया आजही गडावर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकतात. सुट्टीच्या दिवशी आणि 6 जूनच्या सोहळ्याला गर्दी लोटते तेव्हा त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा निघतो. त्यांच्यासाठी सकाळी अकराची सभा म्हणजे बंद झालेला दरवाजा. पहाटे उठून ताक घुसळून, हंडा डोक्यावर घेऊन गड चढलेली बाई अकराला शाळेत कशी येणार? बिरवाडीकडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला गेलेला बाप कसा येणार? आषाढात लावणीच्या दिवसांत कोण येणार? सभेची वेळ ठरवणारा माणूस मतदार यादी ठरवत असतो. संध्याकाळी सात वाजता सभा घ्यायला कुठला नियम आडवा येतो? एकही नाही. आडवी येते ती फक्त सोय, आणि तीही पालकांची नव्हे.

कातकरी वस्तीची गोष्ट याहून वाईट आहे. दिवाळी झाली की ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अर्धं वर्ष पोर भट्टीवर. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. गाव सोडताना कार्ड मिळालं की नाही, मिळालं तर भट्टीजवळच्या शाळेनं पोराला दाखल करून घेतलं की नाही, हे पाहायचं काम समितीचं आहे. समितीत कातकरी पालकाचं नाव असतं. कायद्यानं असावं लागतं, म्हणून असतं. पण बैठका तो भट्टीवर असताना होतात आणि परत आल्यावर सहा महिन्यांच्या सह्या एकदम घेतल्या जातात. गडाच्या घेऱ्यातल्या धनगरवाड्यांतल्या पालकांनाही हाच अनुभव येत असेल तर मला नवल वाटणार नाही. ज्यांच्या पोरांना समितीची गरज सर्वांत जास्त, त्यांना तिचा अध्यक्ष कोण हेही ठाऊक नसतं.

समितीकडे आहेच काय, असं कुणी म्हणेल. गणवेशाचं उदाहरण घ्या. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात, एका गणवेशाला 300 रुपये. पूर्वी कापड, माप, शिवण हे सगळं समितीच बघायची. मग राज्यानं एक राज्य एक गणवेश काढलं. 2024-25 मध्ये कापड वरून आलं, शिवणकाम महिला बचत गटांकडे गेलं. राज्यभरातून तक्रारी आल्या. गणवेश उशिरा पोचले, मापं जुळेनात, पोरं जुन्या कपड्यांत बसली. 2024 च्या डिसेंबरात सरकारनं माघार घेतली आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीला दिला. कुठल्या पोराची बाही कुठवर येते हे मंत्रालयाला कळत नाही, वाडीला कळतं. पण अधिकार कुणाच्या हाती परत आला? ज्या समितीचा अध्यक्ष पालकांनी निवडला तिच्या हाती आला असेल तर चांगलंच. ज्या समितीचा अध्यक्ष कोऱ्या पावतीवर सही करतो तिच्या हाती आला असेल, तर पुरवठादाराचा पत्ता बदलला, एवढंच झालं.

कोऱ्या पावतीवर सही मी पाहिली आहे. शाळेच्या खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या लागतात. लहान शाळेचं वार्षिक अनुदान काही हजारांचं, त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा असा निकष. खडू, झाडू, दिव्याचं बिल, फुटलेली कौलं, गळका नळ, सगळं त्यातच. रक्कम थोडी आहे म्हणून तिचा हिशेब मागायचा नाही, हे तर्कट मला मान्य नाही. थोड्याच पैशांचा हिशेब आधी मागायचा असतो. अध्यक्ष सभेनं निवडला असेल तर तो सभेला हिशेब देतो. गावकीनं नेमला असेल तर गावकीला देतो. कुणालाच देत नसेल, तर तो कशामुळे खुर्चीवर आहे हे ज्याचं त्यानं ओळखावं.

आराखड्याचं तर बोलायलाच नको. 22 जुलै 2021 ला तळियेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाड शहर बुडालं, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्यानंतर या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेच्या आराखड्यात पहिला मुद्दा एकच असायला हवा होता. शाळेच्या मागचा उतार कसा आहे, तडे गेलेत का, पाणी कुठून उतरतं, अतिवृष्टीचा इशारा आला तर पोरं कुठं न्यायची. मी पाहिलेल्या आराखड्यांत काय होतं? रंगरंगोटी, बोलक्या भिंती, परसबाग. एका तालुक्यातले आराखडे एकमेकांची नक्कल असल्यासारखे, कारण ते समितीनं केलेलेच नसतात. नमुना वरून येतो, आकडे मुख्याध्यापक भरतात, सही अध्यक्ष करतो. आणि ज्या आईला मागच्या डोंगराची धास्ती आहे, जिला पावसात रात्रभर डोळा लागत नाही, तिला कुणी विचारलेलं नसतं.

मुख्याध्यापकांना मी खलनायक ठरवत नाही. दोन शिक्षकी शाळेत वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं हे सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. एखादी सभा लवकर आटोपली तर त्यांना बरं वाटतं, हे मी समजू शकतो. पण निवडीच्या सभेत अन्यायाला शांतपणे शाई पुरवणं, हे दमलेपणाच्या सबबीत बसत नाही.

वाड्यांवरच्या शाळांचं भवितव्य आज खरोखर टांगणीला लागलं आहे. 2023 च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयानं कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या राज्यातल्या साडेचौदा हजारांहून अधिक शाळांचा प्रश्न त्यात होता. मार्च 2024 च्या शासन निर्णयानं शिक्षकांच्या पदांचे निकष बदलले आणि लहान शाळांच्या पदांवर आणखी गदा आली. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं कायद्याखालच्या नियमांत आहे. डोंगरातला एक किलोमीटर आणि शहरातला एक किलोमीटर एकच नव्हे, आणि पावसाळ्यातल्या वहाळाला हे अंतर ठाऊक नसतं. शाळा हलवायचा कागद येईल तेव्हा समितीच्या ठरावाला मोल येईल. त्या दिवशी वाडीच्या बाजूनं अलिबागेत जाऊन भांडणारा अध्यक्ष लागेल. तो आज निवडा. कागद आल्यावर निवडायला वेळ मिळणार नाही.

पट इतका कमी आहे की सगळेच पालक सदस्य होतात, मग निवडणूक कसली, असा प्रश्न मला अनेकदा विचारतात. बरोबर आहे, पट दहाचा असेल तर नऊ पालक सदस्य करताना घरंच संपतात. पण अध्यक्षाची जागा एकच असते. नऊ जणांनी एकाला निवडायचं असेल तर नऊ चिठ्ठ्या पुरतात. वहीचं एक पान फाडलं तरी काम होतं. अध्यक्षाची निवड सभासदांच्या मतानं व्हावी, एवढं साधं मागणं आहे, त्यासाठी मतदान यंत्र लागत नाही.

दुसरं बोलणं मला जास्त झोंबतं. बायका अडाणी, त्यांना आराखडा काय कळणार. हे बोलणाऱ्यांनी कायदा वाचावा. पालक सदस्याला शिक्षणाची अट नाही, कारण पोर कसं शिकतंय हे आईला कळायला पदवी लागत नाही. पोर घरी येऊन वाचून दाखवतं की नाही, खिचडीत किडे निघाले की नाही, बाई वर्गात होत्या की तालुक्याला, हे तिला रोज संध्याकाळी कळतं. हिरकणीवाडीहून महाडला येताना रस्त्यावर नाते गाव लागतं. सी. डी. देशमुख 1896 मध्ये तिथं जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. या रस्त्याच्या कडेच्या वाडीतल्या पोरात काय होण्याची ताकद आहे, याचा अंदाज कुणी आधी बांधून ठेवू नये. त्याच्या आईच्या बुद्धीचा तर नाहीच नाही.

महाडकरांना तरी हे मी वेगळं सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, तरी तीन वर्षं तळ्यावर कुणाला जाऊ दिलं नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, ते पाणी प्याले, आणि त्याबद्दल परतणाऱ्या लोकांनी मार खाल्ला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. ज्या तालुक्यात हक्क बजावण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, त्या तालुक्यात आम्ही पालकाच्या मताचा हक्क चहाच्या कपावर सोडून देतो. याची लाज वाटली पाहिजे.

भांडणं नकोत म्हणून मतदान नको, असं गावचे जाणते सांगतात. मी म्हणतो, होऊ देत भांडणं. शाळेसाठी गावात एकदा भांडण झालं तर गावाचं काही बिघडत नाही. देवळाच्या मानपानावरून वर्षानुवर्षं कोर्टात जाणाऱ्या गावांनी शाळेच्या मतदानाला घाबरावं, हे मला पटत नाही.

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माझं मागणं आहे. निवडीच्या अहवालात एकूण पालक किती, हजर किती, त्यात आया किती, नावं किती आली आणि प्रत्येकाला मतं किती पडली, हे रकाने ठेवा. एकच नाव आलं असेल तर तेही सभेत वाचून, चिठ्ठीवर संमती घेऊन लिहा. हे आकडे नसतील तर ती निवड परत पाठवा आणि सभा पुन्हा घ्यायला लावा. सभेची वेळ पालकांना विचारून ठरवा, सूचना कातकरीवाडीत आणि धनगरवाड्यात आठ दिवस आधी पोचवा. या कामाला स्वतंत्र निधी लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही.

आणि आयांनो, तुम्हाला सांगतो. सभेच्या आधी कुठल्याही कागदावर सही करू नका. दारालगत बसू नका, खुर्ची मागून घ्या. एकटीनं उभं राहायला जड जात असेल तर दोघी-तिघींनी ठरवून या, एकीनं नाव सुचवा, दुसरीनं अनुमोदन द्या. कुणी गावकीचं सांगितलं तर गावकीला शाळेत मत नाही, असं तोंडावर सांगा. अध्यक्ष व्हायला पैसा लागत नाही, पक्ष लागत नाही, नवऱ्याची परवानगी लागत नाही. तुमचं पोर त्या शाळेत आहे, एवढी एकच पात्रता कायद्यानं मागितली आहे.